कळंबच्या माळावरचा निळा चंद्र

करोनाचं ते वर्ष. मार्चपासून शाळा बंद, जत्रा बंद, आठवडी बाजार बंद. लग्नंसुद्धा पन्नास माणसांत उरकत होती. पण एक ऑक्टोबरला, गुरुवारी दिवस मावळताना कळंबच्या माळावर पाचशेच्या वर माणूस गोळा झालं होतं. मास्क होते, पण बहुतेकांचे हनुवटीवर. कुणी वालचंदनगरहून आलं होतं, कुणी पार इंदापूरहून. म्हाताऱ्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून, अधूंना पाठुंगळी घेऊन लोक आले होते, आणि सगळ्यांच्या नजरा एका परातीवर खिळल्या होत्या.

चौरंगावर परात, परातीत भाताची पातळ पेज आणि मागं पांढऱ्या शालीतले शशिनाथ महाराज. दोन महिन्यांपूर्वी हे नाव पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. आता आजारी माणसाच्या घरी पाहुणा आला, की चहाआधी तेच नाव निघायचं.

"बाळांनो," महाराज माईकवर म्हणाले, "समुद्राला भरती कोण आणतो?"

"चंद्र," गर्दी म्हणाली.

"तुमच्या अंगात पाणी किती? पाऊण भाग. मग त्या पाण्याला आवरणार कोण? मेडिकलातली गोळी का चंद्र?"

"चंद्र."

"गोळी रोगाला दाबती. दाबलेला रोग कुठं जातो? हाडात जातो. चंद्र रोगाला वर ओढतो. बघा आता."

पूर्वेला उसाच्या तुऱ्यांवर चंद्र आला होता. पेजेत त्याचा पिवळट डाग हलत होता. महाराजांनी कमंडलूत बोटं बुडवली, परातीवर तीर्थ शिंपडलं, आणि पांढरी पेज बघता बघता निळी झाली. हलकी नव्हे, शाईसारखी गडद निळी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग महाराजांनी पुढं बसलेल्या एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला परातीत फुंकर मारायला लावली आणि वरून चिमूटभर चंद्रभस्म सोडलं. जरा ढवळताच निळाई विरली, पेज पुन्हा पांढरी झाली.

"गेला रोग वर," महाराज म्हणाले.

गर्दीत पूर्वी, कळंबचीच मुलगी, पुतणीचा हात धरून उभी होती. ती बारामतीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायची. शाळा बंद पडली तशी तिथल्या खोलीला कुलूप लावून ती कळंबला घरी आली होती आणि माडीवर बसून मोबाईलवर तास घेत होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरी पेज निळी झाली तेव्हा तिच्याही अंगावर काटा आला. हे कसं झालं, ते तिला त्या घडीला सांगता आलं नसतं, आणि त्याचाच तिला राग आला होता.

पुतणीचं नाव छकुली, वय नऊ. चार वर्षांची असल्यापासून तिला फिट यायच्या. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तशा त्या थांबल्या होत्या. दीड वर्षात एकही नाही. पण गोळ्यांनी पोरगी पेंगुळल्यासारखी राहायची. तिच्या आईच्या, सोनमच्या मनात एकच घोर होता. गावात कुणी 'फिटवाली' म्हटलेलं एकदा कानावर आलं होतं, ते काही केल्या जात नव्हतं.

महाराजांनी हात वर केला.

"आज पुनव. आता ह्याच महिन्यात, एकतीस तारखेला, दुसरी पुनव. एका महिन्यात दोन. पुराणात ह्याला नीलेंदू योग म्हणलंय. गोरे लोक म्हणत्यात ब्ल्यू मून. ब्ल्यू म्हंजी काय?"

"निळा."

"एकतीसला रात्री आठ वाजून एकोणीस मिनिटांनी अख्ख्या पृथ्वीवर निळ्या चंद्राचा अंमल बसणार. हे बघा, पेपरात आलंय." संभाजी नावाच्या त्यांच्या माणसानं इंग्रजी कात्रणाचा मोठा फलक फिरवला. "ज्याला कायमचं बरं व्हायचं त्यानं त्या दिवशी यावं. पण एक सांगतो. चंद्र कोऱ्या अंगावर काम करतो. आदले नऊ दिवस विलायती गोळी, सुई, काय घ्यायचं न्हाय."

शेजारी उभ्या सोनमनं मान खाली घातली. पूर्वीचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ती फलकावरचं इंग्रजी वाचायची धडपड करत होती.

*

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. तिचा थोरला भाऊ रणजित घरचा कर्ता. ऊस, चार गाई, एक पिकअप गाडी. बोलायला कमी, पण कामाला पुढं. महाराजांसाठी माळ सपाट करायला ट्रॅक्टर त्यानंच लावला होता.

"दादा, ब्ल्यू मून म्हणजे चंद्र निळा होत नाही. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ते नाव देतात. नुसतं नाव आहे."

"नाव तरी उगंच पडतं व्हय?" रणजित म्हणाला.

पलीकडं आई, अनसूयाबाई, भाकरी थापत होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण तिथी-वार तोंडपाठ.

"एका महिन्यात दोन पुनवा?" त्या म्हणाल्या. "असं कसं हुईल? पुनव झाली की पंधरा दिसांनी अवस, न् महिना संपला. महिना चंद्रावरच चालतो की. औंदा आधिक आलाय म्हणून दोन आश्विन हायती. कालची पुनव आधिकाची, म्होरली निजाची. महिनं दोन, पुनवा दोन."

"बघ," पूर्वी म्हणाली. "पंचांगात एका महिन्यात दोन पौर्णिमा येऊच शकत नाहीत. मग महाराजांच्या पुराणात हा योग आला कुठून? ही भिंतीवरच्या कॅलेंडरची गंमत आहे. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत चंद्राला साडेएकोणतीस दिवस लागतात आणि इंग्रजी महिना एकतीस दिवसांचा. सुरुवातीला एक पौर्णिमा बसली की शेवटी दुसरी बसते. अडीच-तीन वर्षांतून एकदा."

रणजितनं ताटातलं संपवलं, हात धुतला. "पेज तर निळी झाली ना? डोळ्यांनी बघितलं मी."

एवढं म्हणून तो गाईंकडं गेला.

महिना असाच गेला. मधे पावसानं झोडपलं, ओढे फुटले, उभा ऊस आडवा झाला. रणजितनं पुन्हा ट्रॅक्टर लावून माळावर मुरूम टाकला. दसऱ्याला सोनम एकटीच जाऊन आली आणि निळ्या पेजेत बुडवून वाळवलेलं एक फडकं घेऊन आली. ते तिनं छकुलीच्या उशाखाली ठेवलं. पूर्वीनं ते पाहिलं आणि कपाळावर आठी घातली. पण तिच्या डोक्यात दुसराच बेत शिजत होता.

तिचा चुलतभाऊ अद्वय मेलबर्नला इंजिनिअर होता. त्याचा शब्द रणजित मानायचा. अठ्ठावीस तारखेला, बुधवारी दुपारी चार वाजता तिनं त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं. पडद्यावर अद्वय दिसला. त्याच्यामागच्या खिडकीत अंधार होता.

"झोपायच्या बेतात होतास का रं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"नाही काकू. साडेनऊ वाजलेत इथं."

"आमच्यात तर आत्ता चहा."

"तेच सांगायला तुम्हाला सगळ्यांना बसवलंय," पूर्वी म्हणाली. "अद्वय, शनिवारी तुमच्याकडे ब्ल्यू मून आहे का?"

"नाही गं. आमच्याकडे ऑक्टोबरात नाहीच. आमचा नोव्हेंबरात."

रणजित पुढं सरकला. "आसं कसं? आख्ख्या पृथ्वीवर एकाच टायमाला हाय म्हणालं महाराज."

"वेळ एकच आहे, दादा. पण त्या वेळेला तुमच्या घड्याळात शनिवारचे रात्रीचे आठ एकोणीस, आणि आमच्या घड्याळात पहाटेचे पावणेदोन होऊन गेलेले. म्हणजे आमच्याकडे रविवार उजाडला, एक नोव्हेंबर लागला. मग ऑक्टोबरात आमची पौर्णिमा एकच राहिली. आणि नोव्हेंबरात दोन झाल्या, एक तारखेची आणि तीस तारखेची. तुमच्याकडे नोव्हेंबरात एकच."

रणजितनं जरा विचार केला. "म्हंजी तिथला चंद्र दुसरा हाय का?"

"चंद्र एकच. तारीख दुसरी."

पूर्वीनं तेवढ्यात घाव घातला. "तारीख माणसानं ठरवली, दादा. नकाशावर घड्याळाच्या रेषा माणसानं आखल्या. सूर्य तिकडं आधी उगवतो म्हणून त्यांचं घड्याळ पुढं. आता सांग, त्या एका घटकेला चंद्रानं कळंबच्या लोकांचा रोग ओढायचा आणि मेलबर्नच्या लोकांचा सोडायचा, ते कशावरून? भिंतीवरचं कॅलेंडर बघून?"

रणजित हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पूर्वीला वाटलं, जिंकलं. फोन ठेवून ती समाधानानं माडीवर गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत बसली.

सोनम त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. छकुलीच्या गोळ्या बंद होऊन त्या दिवशी सहावा दिवस होता. रणजितलाही ठाऊक होतं. पण आता एवढं सगळं बोलून झाल्यावर कबूल कसं करायचं, हे दोघांनाही सुचलं नाही. तीनच दिवस राहिले होते.

*

गुरुवारी सकाळी सातला मोरीपाशी तोंड धुताना छकुली पडली. कपाळ दगडी कडेवर आपटलं. पूर्वी माडीवरून धावत आली तेव्हा पोरीचे हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते, आणि कपाळातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं तसं तिनं तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही, आणि घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. चार. सात. फिट थांबली. पोरगी शुद्धीवर यायच्या आतच दुसरी सुरू झाली.

रणजितनं पिकअप काढली. बारामतीचा रस्ता धरला. पूर्वी मागं छकुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत तिनं विचारलं, "वहिनी, गोळी चुकली होती का?" सोनम रडायला लागली आणि पूर्वीला उत्तर मिळालं.

दवाखान्यात डॉक्टर मोना यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, अर्ध्या तासानं फिट थांबवली आणि मगच बाहेर आल्या.

"गोळी कधी बंद केली?"

"गेल्या शुक्रवारी," रणजित खाली बघत म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

उत्तराची वाट न बघता त्या पुढं बोलल्या.

"फिटची गोळी एकदम तोडली की दबलेल्या फिट उसळून येतात, आणि एकामागून एक येतात. कमी करायची असली तरी आम्ही महिनेच्या महिने लावून कमी करतो. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. आता जागी होऊ दे. मग बघू, मेंदूला किती त्रास झालाय."

पूर्वी भिंतीला टेकून उभी राहिली. महिनाभर तिनं चंद्राचा हिशोब मांडला होता. साडेएकोणतीस दिवस, साडेपाच तास, एक नोव्हेंबर. सगळं बरोबर. आणि घरात, फळीवरच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी आहेत, हे बघायला ती एकदाही गेली नव्हती. महाराजांनी नऊ दिवसांची अट तिच्या देखत घातली होती. तिनं ती ऐकली होती आणि तिला ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटली होती.

रागावावंसं वाटलं ते तिला स्वतःवरच.

शुक्रवारी दुपारपर्यंत छकुली नुसती झोपून होती. अधेमधे डोळे उघडायची, पण बोलायची नाही. आईकडंही ओळख नसल्यासारखी बघायची. सोनमनं घरून आणलेलं ते फडकं तिच्या उशाखाली सरकवलं. पूर्वीनं बघितलं, पण त्या माउलीच्या हातून ते काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही.

दुपारी सिस्टर कपाळावरचं ड्रेसिंग बदलायला आल्या. शेजारच्या स्टुलावर डबा तसाच पडला होता, झाकणात न खाल्लेला भात. सिस्टरनी कापसाचा बोळा तपकिरी औषधात बुडवला, जखम पुसली, आणि बोळा ट्रेमध्ये टाकताना दोन थेंब त्या भातावर पडले.

पहिल्यांदा सोनमनं बघितलं. तिनं पूर्वीचा दंड धरला.

भाताची शितं निळी झाली होती. शाईसारखी गडद निळी.

"त्योच रंग," सोनम म्हणाली.

पूर्वीला आपल्या मूर्खपणाचं हसूही येईना. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग बघितला नाही, असं पोरगं सापडायचं नाही. पिठूळ पदार्थाला आयोडिन लागलं की तो निळा होतो. भात, बटाटा, पेज. तिनं सिस्टरना विचारलं, "हे औषध आयोडिनचंच ना?"

"व्हय. कुठल्याबी मेडिकलात मिळतंय."

"आणि परत पांढरी कशानं झाली?" सोनमनं विचारलं. हा प्रश्न तिनं विचारला, पूर्वीनं नव्हे.

पूर्वी विचार करत होती. आयोडिनचा रंग कशानं मोडतो? क जीवनसत्त्व. डब्यात लिंबाची फोड होती. तिनं ती निळ्या शितांवर पिळली आणि बोटानं कालवलं. रंग आधी जांभळट झाला, मग फिका पडला आणि गेला.

सोनमनं उशाखालचं फडकं काढलं. त्यावर उरलेलं लिंबू तिनं स्वतःच पिळलं. ओला डाग पसरत गेला आणि त्याच्या मधोमध पांढरं उमटलं. फडक्याचा बोळा करून तिनं कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "उद्या माळावर जावा. मी हितं थांबते."

*

शनिवारी, एकतीस तारखेला, माळावर पहिल्यापेक्षा दुप्पट माणूस होतं. रणजित आणि पूर्वी पाचला पोचले. दिवस अजून वर होता. रणजितनं पिकअप चौरंगाजवळच आडवी लावली, मागचा फाळका पाडला आणि त्यावर घरची परात ठेवली. सकाळी अनसूयाबाईंनी करून दिलेली पेज त्यात ओतली. ट्रॅक्टर लावणारा माणूस म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. संभाजी तर म्हणाला, "रणजितराव, जादा परात आणली व्हय? बरं केलं."

महाराज आले. आधी मागच्या पुनवेसारखंच बोलणं. समुद्र, भरती, पाऊण भाग पाणी. "आज जगातला एकेक माणूस ह्या घटकेची वाट बघतोय," ते म्हणाले. "आमेरिकेत, आस्ट्रेलियात..."

"ऑस्ट्रेलियात आज ब्ल्यू मून नाही," पूर्वी खालून म्हणाली.

महाराज हसले. "बाई शिकलेली दिसती."

"मेलबर्नला ज्या वेळी ही पौर्णिमा पूर्ण होईल तेव्हा एक नोव्हेंबर लागलेला असेल. त्यांचा निळा चंद्र पुढच्या महिनाअखेर. घटका तीच, चंद्र तोच. फक्त घड्याळ साडेपाच तास पुढं. मग तुमचा योग आकाशात आहे का कॅलेंडरात?"

"श्रद्धेला घड्याळ नसतं, बाळ."

"मग आठ एकोणीस तुम्ही कशाला सांगितलं?"

कुणीतरी मागं हसलं. पण बरेचसे वैतागले. "ए बाई, खाली बस," असा आवाज आला. आवाज वाढत चालले तेव्हा रणजित फाळक्यावर चढला. त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं माईक मागितला नाही.

"मी रणजित. माझी पोरगी दवाखान्यात हाय," तो म्हणाला, आणि पुढची माणसं त्याच्याकडं वळली. "ह्यांनी नऊ दिस गोळी बंद करायला सांगितली. मी केली. सातव्या दिशी तिला लागोपाठ फिटा आल्या. कालपतुर तिनं आईला वळखलं न्हवतं. चूक माझी हाय, मी बाप हाय. पर आता हे बघा. दिवस अजून मावळला न्हाय. चंद्र कुठं दिसतोय का?"

लोकांनी पूर्वेकडं बघितलं. उसावर नुसतं धुरकट आभाळ होतं.

रणजितनं खिशातून तपकिरी बाटली काढली, जखमेच्या औषधाची, आणि चार थेंब परातीत टाकले. पेज निळी झाली. मागच्यांना दिसेना तेव्हा दोघांनी परात उचलून धरली. मग त्यानं लिंबू कापलं, पिळलं, ढवळलं. पेज पांढरी झाली.

"चंद्र न्हाय, मंत्र न्हाय, योग न्हाय," तो म्हणाला. "मेडिकलातलं औषध न् भाजीतलं लिंबू. ह्यांचं चंद्रभस्म म्हंजी आंबट गोळी कुटलेली असंल. चाखून बघा कुणीबी."

संभाजी परात ओढायला धावला, पण तोवर एक थकलेली म्हातारी काठी टेकत चौरंगापाशी पोचली होती. साखरबाई. वस्तीवरची, मधुमेहाची जुनी रोगी. पायाला चिंधी गुंडाळलेली, चिंधीतून पाणी झिरपत होतं.

"म्हाराज," ती म्हणाली, "म्या नऊ दिस सुई घेतली न्हाय. पायाची जखम चिघळलीया. ह्यो पोरगा खोटं बोलत आसंल तर मला तुमची बोटं दावा."

महाराजांनी उजवा हात शालीत घेतला.

"दावा की. ह्या औषधानं नखं पिवळी पडत्यात. तुमची हायती का न्हाईत, एवढंच बघायचंय."

"अश्रद्ध नजर पडली," महाराज माईकवर म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "परात बाटली. आता योग लागायचा न्हाय. दोष ज्याचा त्याला लागंल."

"दोष कुणाला लागायचा त्यो माझ्या पायाला लागलाय," साखरबाई म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

सगळी गर्दी काही एका क्षणात शहाणी झाली नाही. गोष्टीत होतं तसं होत नाही. काही जण रणजितच्या परातीभोवती येऊन स्वतः थेंब टाकून बघत होते. काही जण कानाला हात लावून, देवाचा कोप होईल म्हणत, पोरांना घेऊन निघाले. एका बाईनं पूर्वीच्या तोंडावर सांगितलं, "तुमाला न्हाय पटत तर घरी बसा. आमची आशा कशाला मोडता?" त्या बाईच्या कडेवर लुळ्या पायांचं पोर होतं.

सहानंतर चंद्र आला. आठ एकोणीसला तो बराच वर होता. पांढरा, दर पौर्णिमेसारखा. तोवर महाराजांची गाडी माळावरून निघून गेली होती, आणि रणजित पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून देत होता. उपचार थांबवायला लावून चमत्कारानं बरं करायचा दावा करणं हा आपल्या राज्यात कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याला पूर्वीनं सांगितलं होतं. फिर्यादीत स्वतःचं नावही घाला, असं त्यानं लेखनिकाला दोनदा सांगितलं. गोळी मी बंद केली, म्हणाला. लेखनिक म्हणाला, तसा रकाना नाही.

रविवारी सकाळी रणजितनं साखरबाईला पिकअपमध्ये पुढं बसवून बारामतीला आणलं. तिची सुई पुन्हा सुरू झाली. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. छकुली सोमवारी बोलायला लागली. शब्द सावकाश येत होते, 'पाणी' म्हणायला तिला आधी ओठ जुळवून बघावे लागत. डॉक्टर मोना म्हणाल्या, सुधारेल, पण वेळ लागेल, आणि किती सुधारेल हे आत्ता कुणी सांगू नये. घरी आल्यावर गोळीची वेळ सोनमनं भिंतीवर कोळशानं लिहिली.

महाराज दोन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात सापडले असं म्हणतात. कुणी म्हणतं सुटले. कळंबमध्ये अजूनही असे लोक आहेत, जे सांगतात, रणजितनं विघ्न आणलं, नाहीतर त्या दिवशी खरंच झालं असतं.

पूर्वी आता शाळेत पृथ्वीचं फिरणं आणि घड्याळाच्या रेषा शिकवते, तेव्हा हा चंद्र सांगते. एकच चंद्र कळंबला ऑक्टोबरचा आणि मेलबर्नला नोव्हेंबरचा कसा, हे पोरांना चटकन कळतं, आवडतं. पण ती तिथं थांबत नाही. ती सांगते, मला हे सगळं येत होतं, आणि तरी आमच्या घरातली पोरगी मरता मरता वाचली. कारण मी वाद घालत होते आणि डबा उघडून बघत नव्हते.

शेवटी ती म्हणते, चमत्कार कुणीही दाखवो, कसाही दाखवो, तो कसा होतो हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विश्वास न ठेवता थांबायचाही. पण जो चमत्कार तुमचं औषध बंद करायला लावतो, त्याच्यापुढं थांबू नका. तडक घरी जा आणि डॉक्टरांना फोन करा. चंद्राचा प्रश्न उद्या विचारला तरी चालतो. गोळीचा आजच विचारायचा.